टॉर्नेडो फक्त अमेरिकेतच होतो? अजिबात नाही

टॉर्नेडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा, जोरात फिरणारा हवेचा खांब. "टॉर्नेडो अमेरिकेतच होतात, तेही सपाट मैदानात, नदी-डोंगर आडवा आला की थांबतात" हे फॉरवर्ड होऊन होऊन लोकांना खरंच वाटायला लागलंय. संख्येत अमेरिका पहिली, मान्य, वर्षाला हजाराच्या वर होतात तिकडे. पण आजवरचा सगळ्यात जीवघेणा टॉर्नेडो झालाय आपल्या शेजारी बांगलादेशात, २६ एप्रिल १९८९ ला, दौलतपूर-साटुरिया भागात, साधारण १३०० माणसं गेली.

आणि नुसती गरम-थंड हवा भिडली म्हणून तो होत नाही हो, तसं असतं तर रोजच झाले असते. बांगलादेशात खाली बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा, वर पश्चिमेकडची कोरडी, त्यात उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग नि दिशा बदलत गेली की मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरायला लागते, मग ढगात जोरात वर चढणारा झोत तिला उभी करतो. तरीही असे बरेचसे फिरते ढग टॉर्नेडो न करताच विरतात.

नदी-डोंगराचं म्हणाल तर अमेरिकेतलाच १९२५ चा ट्राय-स्टेट टॉर्नेडो सरळ मिसिसिपी नदी ओलांडून गेला, आणि १९८७ चा तिथल्याच वायोमिंग राज्यातला तर डोंगरात सुमारे १०,००० फुटांवर जंगल आडवं करत सुटला होता.