कट् आवाजाआधीचा दाब

कोल्हापुरात पाठ-मान मोडून घ्यायला पदवीधराची वाट कुणी पाहिली नाही. सलूनमध्ये दाढी आटोपली की हनुवटी धरून डावीकडे एक, उजवीकडे एक झटका. तालमीत मालिश करताना पैलवानाच्या पाठीवर पाय दिला जातो. उसण भरली की गल्लीतला पायाळू शोधतात. फिजिओथेरपीला प्रवेश घेणारा विद्यार्थी हे सगळं बघतच मोठा झालेला असतो. त्यामुळे पाठीच्या मणक्यांवर हाताने उपचार शिकताना त्याचे कान आवाजाकडे लागलेले असतात. कट् झालं, की 'बसलं'.

पण बसलं काहीच नाही, कारण सरकलंही काही नव्हतं. मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीजोडीने छोटे सांधे असतात, वंगणासारख्या द्रवाच्या पिशवीत बंद. त्यांचे पृष्ठभाग झटक्यात एकमेकांपासून दूर गेले की आतला दाब घसरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. 1971 मध्ये बोटांच्या सांध्यांवर झालेल्या प्रयोगांतून हा आवाज बुडबुडा फुटण्याचा आहे असं मांडलं गेलं. 2015 मध्ये बोट ओढताना एमआरआयने थेट चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी पोकळी फुटताना नव्हे, तर जन्मताना दिसली. वाद अजून मिटलेला नाही. विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: एकदा वाजलेला सांधा पुढची सुमारे वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. सरावात जोडीदाराच्या त्याच मणक्यावर चार-चार झटके देणारा फक्त स्नायू दुखवत असतो. शिवाय आवाज नेमका कुठून आला हे 2004 मध्ये मोजलं, तेव्हा कंबरेत तो नेम धरलेल्या जागेपासून सरासरी पाच सेंटिमीटर लांब निघाला, तेही अनुभवी हातांचा.

या तंत्रावर उभी असलेली कायरोप्रॅक्टिक ही शाखा अमेरिकेत डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली, 1895 मध्ये. बहुतेक रोगांचं मूळ जागचे हललेले मणके, ही त्यांची कल्पना विज्ञानात टिकली नाही. हाताचं कसब टिकलं. कंबरदुखीत त्याचा फायदा व्यायामासारख्या इतर मान्य उपचारांइतकाच, मध्यम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण शिक्षण किमान 4200 तासांचं असावं आणि त्यातले 1000 तास देखरेखीखाली रुग्णांवर जावेत. आपल्याकडे या शाखेची वेगळी वैधानिक परिषद नाही, म्हणून हे तंत्र बहुतेकांना भेटतं ते फिजिओथेरपीतच.

सुरुवात झटक्याने होत नाही, बोटांपासून होते. वहीच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा, डोळे मिटायचे आणि बोटाच्या पेराने तो शोधायचा. सापडला की आणखी एक पान वाढवायचं. जोर लावला की केस हरवतो, आणि दाबून धरण्याची सवय इथेच मोडते. मग शरीरावरच्या खुणा. मानेच्या तळाशी दोन उंचवट्यांवर बोटं ठेवून मान हळूच मागे झुकवायला सांगितली की वरचा, म्हणजे मानेचा सहावा मणका, बोटाखालून पुढे सरकतो. जागचा न हलणारा तो सातवा. कंबरेच्या हाडांचे दोन्ही वरचे काठ जोडणारी रेषा साधारण चौथ्या कटिमणक्यावर येते. मात्र चरबी जास्त असेल तर बोटं वरच अडकतात आणि मोजणी एका मणक्याने चुकते. पाठीच्या मधल्या भागात तर मणक्यांची टोकं कौलांसारखी खाली कललेली असतात. पाठीच्या (मानेच्या नव्हे) सातव्या मणक्याच्या टोकावर बोट ठेवलं, तर त्याच मणक्याचे आडवे बाहू, म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेली हाडाची टोकं, सापडतात जवळपास एक मणका वर. हे विसरून हात ठेवणारा सातव्यावर म्हणत आठव्यावर दाब देतो.

झटक्याचा खरा जीव त्याच्याआधीच्या दाबात आहे. रुग्ण पालथा, हात टेबलाच्या कडेने सोडलेले, टेबलाची उंची आपल्या मांडीच्या मध्यापर्यंत. करंगळीकडच्या मनगटातली हाडाची गोटी आडव्या बाहूवर, मणक्यांच्या मधल्या रेषेपासून साधारण तीन सेंटिमीटर बाजूला. त्याहून बाहेर गेलात तर हात बरगडीवर पडतो, आणि बरगडी मोडू शकते. आधी कातडीची सैल घडी ताणून घ्यायची. रुग्ण श्वास सोडत असताना दाब हळूहळू वाढवायचा. श्वास संपता संपता सांधा 'भिंतीला टेकल्यासारखा' लागतो. तिथून पुढे एकच छोटा धक्का, कोपरातून नव्हे, धड खाली सोडून.

आकडे बोलके आहेत. पाठीच्या मध्यभागी झटक्याचा कमाल जोर सरासरी 400 न्यूटनच्या आसपास, म्हणजे साधारण चाळीस किलोचा भार, आणि तो चढतो जेमतेम 150 मिलिसेकंदांत. मानेत जोर त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकाच. दोनशे जोर मारणाऱ्या तालमीतल्या गड्याकडे ताकद मुबलक असते. नडते ती थांबता न येण्याची सवय.

घरच्या वजनकाट्यावर उशी ठेवून आधीचा दाब सरावता येतो: दहा ते चौदा किलोवर काटा पाच सेकंद स्थिर धरायचा. झटका मात्र त्यावर मोजू नये. डिजिटल काटा इतका क्षणिक भार पकडत नाही आणि स्प्रिंगचा काटा पुढे उडून खोटं सांगतो. वेगासाठी मोबाईलचं सेकंदाला 240 चौकटींचं संथ चित्रण घ्यावं. 150 मिलिसेकंद म्हणजे 36 चौकटी. त्यात सगळ्यात जास्त दिसणारी खोडही लगेच सापडते: झटक्याच्या आधी हात नकळत वर उचलला जातो, हातोडा मारण्याआधी उचलतात तसा. तेवढ्यात ताण सुटतो, मऊ भाग परत ढिला पडतो आणि धक्का सांध्याऐवजी कातडी-स्नायूंत जिरतो. मग विद्यार्थी दुसऱ्यांदा जास्त जोर लावतो, आणि इजा होते ती तेव्हाच.

मानेचे झटके सर्वांत शेवटी शिकवतात, आणि ते योग्यच आहे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या (धमन्या) मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून जातात. जोरात पीळ बसल्यावर त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, क्वचित असल्या तरी. गरगरणं, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळताना अडखळणं, एकदम कोसळणं, यातलं काहीही असेल तर मानेला हात लावायचा नाही. सलूनच्या खुर्चीत हे प्रश्न कोण विचारतो?

गळीत हंगामात उसाच्या मोळ्या वाहून 'कंबर धरली' म्हणत येणाऱ्या मजुराला वेगळे प्रश्न लागतात. लघवी तुंबते का, बैठकीच्या जागी बधिरपणा आहे का, दोन्ही पायांतली ताकद गेली का? यातलं एक जरी हो असेल तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया विभाग. संध्याकाळी ताप, वजनात घट आणि रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, तर मणक्याचा क्षय आधी तपासायचा. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर चाळीस किलोचा झटका म्हणजे काय, हे ज्याला उमगलं आहे तो पालथं झोपा म्हणण्याआधी एक्स-रेची चिठ्ठी लिहून देतो.