प्रो स्टॉकमध्ये उतरायचंय? लायसन्स, कागदपत्रं आणि नियम बदलले की आपलं म्हणणं कुठे मांडायचं

न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनचा रेसवे पार्क चालू होता तोवर एडिसनहून आम्ही तिघं-चौघं उन्हाळ्यात हमखास तिकडे जायचो, गाडीत थर्मासभर चहा आणि डबा घेऊन, आणि १९९४ मध्ये ज्या ट्रॅकवर कर्ट जॉन्सनने ६.९८८ सेकंदांचा रन टाकून प्रो स्टॉकला, म्हणजे सरळ ट्रॅकवर दोन गाड्यांच्या ड्रॅग रेसिंगमधल्या एका क्लासला, पहिल्यांदा सहा सेकंदांच्या घरात नेलं त्याच ट्रॅकच्या जाळीला टेकून बसायचो. २०१८ च्या जानेवारीत तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं, आता आमची वारी पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्हला असते. तिथे भेटणारी आपली पोरं मला कायम दोनच गोष्टी विचारतात, दादा लायसन्स कसं काढायचं, आणि हे नियमांवरून सारखं भांडण कशाचं चालू असतं. दोन्हींचं उत्तर एकत्रच दिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण या क्लासमध्ये नियम बदलला की गाडी बदलते आणि गाडी बदलली की कागद बदलतात.

आधी क्लास थोडक्यात. एनएचआरए म्हणजे अमेरिकेतली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी सुरू केलेली. तिच्या प्रो क्लासेसपैकी टॉप फ्युएल आणि फनी कार नायट्रोमिथेन या इंधनावर चालतात आणि २००८ पासून हजार फुटांपर्यंतच धावतात, प्रो स्टॉक मात्र रेसिंग पेट्रोलवर आणि अजूनही पूर्ण पाव मैल, म्हणजे १,३२० फूट. इंजिन ५०० क्यूबिक इंच, आपल्या हिशोबात साधारण ८.२ लिटर, टर्बो नाही, सुपरचार्जर नाही, नायट्रस नाही, आणि ड्रायव्हरसकट वजन कमीत कमी २,३५० पौंड. साडेसहा सेकंदांच्या आसपास रन आणि ताशी २१० मैलांच्या घरातला वेग, तोही क्लच आणि पाच गिअरच्या गाडीत. यात सगळ्यांची इंजिनं इतकी सारखी असतात की फरक सेकंदाच्या हजाराव्या भागात पडतो, म्हणून नियमातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कोणाचं तरी वर्ष वाया जातं.

आता पात्रता. तुमच्याकडे राहत्या स्टेटचं चालू ड्रायव्हिंग लायसन्स हवं, एनएचआरएची मेंबरशिप हवी आणि त्यांचं कॉम्पिटिशन लायसन्स हवं. कॉम्पिटिशन लायसन्स फक्त प्रो लोकांना लागतं हा गैरसमज आहे, पाव मैल ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरलाही ते साधारणपणे लागतं. लायसन्सच्या लेव्हल्स असतात, गाडी जितकी वेगवान तितकी लेव्हल वरची, त्यामुळे तुमच्या रस्त्यावरच्या मस्टॅंगवर काढलेलं लायसन्स दाखवून प्रो स्टॉकमध्ये बसता येत नाही. खालच्या लेव्हलचं आधीपासून असेल तर पुढची पायरी सोपी होते, म्हणून माझा सल्ला असा की थेट वर उडी मारायच्या भानगडीत पडू नका, स्पोर्ट्समन म्हणजे हौशी लोकांच्या क्लासमध्ये दोन-तीन सीझन काढा. आणि कोणी व्हिसावर असेल तर बक्षिसाची रक्कम हातात घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, हे आधी, नंतर नाही.

कागदपत्रांत पहिला म्हणजे लायसन्सचा अर्ज, दुसरा डॉक्टरकडून भरून घ्यायचा फिजिकलचा फॉर्म. इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. हा फॉर्म एनएचआरएचाच हवा, ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट चालत नाही, आणि प्रत्येक रकाना भरलेला पाहिजे. माझा स्वतःचा अर्ज परत आला होता कारण ज्या क्लिनिकमध्ये मी गेलो तिथे तपासणी सगळी झाली पण शेवटच्या पानावर तारीख टाकायची राहिली, आणि ते मलाही घरी येऊन दिसलं नाही, त्यात माझा सीझनचा पहिला महिना गेला. म्हणून क्लिनिकच्या काउंटरवरच उभं राहून पानं उलटून बघा, डॉक्टरांना थोडं थांबवावं लागलं तरी चालेल. फिजिकलला मुदत असते, ती संपली की लायसन्स असूनही गाडीत बसता येत नाही, फोनमध्ये रिमाइंडर लावा.

मग येतो प्रत्यक्ष परीक्षेचा भाग आणि तो मला सगळ्यात आवडतो. आधी डोळ्यांवर पट्टी. तुम्हाला पूर्ण सूट, हेल्मेट, ग्लोव्ह्ज घालून सीटवर पट्ट्यांनी आवळून बसवतात, डोळे बांधतात आणि बाहेर उभा असलेला माणूस एकेक नाव घेतो, पॅराशूट, फ्युएल शटऑफ, इग्निशन, आग विझवायचा बाटला, आणि तुमचा हात दर वेळी न चाचपडता तिथे गेला पाहिजे. माझ्या वेळी पॅराशूटच्या लिव्हरला हात बरोबर गेला पण ग्लोव्हची शिवण लिव्हरच्या खाचेत अडकली, आणि त्या दोन सेकंदांत मला कळलं की ही परीक्षा कशासाठी असते, खऱ्या धुरात तेवढा वेळ नसतो. घरी जाऊन ती शिवण कापून टाकली. त्यानंतर रन टप्प्याटप्प्याने, आधी नुसती लॉंच आणि थोडं अंतर, मग अर्धा ट्रॅक, मग पूर्ण, आणि हे सगळं आधीपासून लायसन्स असलेल्या ड्रायव्हर्सनी बघून अर्जावर सही करायची असते. या सह्या म्हणजे ओळखीपाळखीचं काम नव्हे, सही करणारा माणूस उद्या तुमच्या शेजारच्या लेनमध्ये असणार आहे.

प्रो स्टॉकसाठी हे रन करायला गाडी कुठून आणायची, तर बहुतेक नवे ड्रायव्हर एखाद्या टीमची गाडी टेस्टिंगच्या दिवसासाठी घेतात, आणि पुढेही इंजिन स्वतःचं नसतं, मोठ्या टीमकडून लीजवर घेतात. हे लक्षात ठेवा, नियमांच्या वादात परत येईल.

गाडीचे कागद वेगळे. चॅसिसवर एनएचआरएच्या सर्टिफिकेशनचा चालू स्टिकर हवा. स्नेल आणि एसएफआय या सुरक्षेच्या सामानाची मानकं ठरवणाऱ्या संस्था, तर हेल्मेटवर स्नेलचा एसए शिक्का, मानेचा सपोर्ट एसएफआय ३८.१, सीटबेल्ट एसएफआय १६.१, आणि बेल्टवर शिवलेली तारीख बघायची, दोन वर्षं झाली की तो बेल्ट नवा कोरा दिसत असला तरी बाद. मेपल ग्रोव्हला टेक इन्स्पेक्शनच्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या रांगेत आमच्या पुढे एक गृहस्थ होते, गाडी आरशासारखी चमकत होती, इन्स्पेक्टरने खांद्यावरचा पट्टा उलटा केला, लेबल वाचलं आणि मान हलवली, बस, शनिवार संपला त्यांचा. रांगेत उभं राहण्याआधी ही लेबलं स्वतः वाचा आणि सगळ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा.

आता नियम बदलांचं. लोकांना वाटतं हे भांडण नवं आहे, पण ते क्लासइतकंच जुनं आहे. १९७० मध्ये प्रो स्टॉक सुरू झाला तेव्हा हिशोब साधा होता, इंजिनच्या प्रत्येक क्यूबिक इंचामागे सात पौंड वजन. पोमोनाची पहिली रेस बिल जेंकिन्सनी शेवरोलेवर जिंकली, पण १९७१ मध्ये क्रायस्लरच्या हेमी इंजिनांनी सगळं धुऊन नेलं. मग १९७२ पासून छोट्या इंजिनांना वजनात सूट मिळाली आणि जेंकिन्सनी शेवरोलेची छोटीशी वेगा आणून परत बाजी उलटवली. पुढची दहा वर्षं वजनाची ही ओढाताण चालू राहिली, कोणी जिंकलं की त्याच्यावर पौंड चढवा, कोणी हरलं की उतरवा. १९८२ मध्ये ते सगळं बंद करून ५०० क्यूबिक इंच आणि २,३५० पौंड हा एकच नियम सगळ्यांना लावला, आणि माझ्या मते या क्लाससाठी घेतलेला तो सगळ्यात शहाणा निर्णय, कारण तेव्हापासून टीमला कळलं की डोकं कुठे लावायचं.

२०१६ चा बदल मात्र अजून लोकांना टोचतो. दोन कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, बॉनेटवरचा हवा आत घेणारा स्कूप गेला, इंजिनला १०,५०० आरपीएमची मर्यादा लागली, गाडीचं नाक फार वर उचलू न देणारे मागचे व्हीली बार आखूड झाले. कारणं चुकीची नव्हती, शोरूममधल्या गाडीत कार्ब्युरेटर कधीच उरला नव्हता आणि आरपीएम आवरलं की इंजिनाचे पार्ट जास्त टिकतात. पण हे जाहीर झालं २०१५ च्या उन्हाळ्यात आणि लागू झालं पुढच्या सीझनच्या पहिल्या रेसपासून. ज्यांच्याकडे इंजिनांचं स्वतःचं वर्कशॉप, इंजिनाची ताकद मोजायचा डायनो आणि माणसं होती ते आधी सावरले, २०१६ ला जेसन लाइन आणि ग्रेग अँडरसन यांच्या कमॅरोंनी बाकीच्यांना श्वास घेऊ दिला नाही आणि लाइन चॅम्पियन झाले. एरिका एंडर्स २०१४ आणि २०१५ ची चॅम्पियन, २०१६ ला डॉजवर गेली आणि अख्ख्या सीझनमध्ये तिला एकही रेस जिंकता आली नाही. नवी गाडी हे त्यात मोठं कारण होतंच, पण दोन्ही बदल एकाच हिवाळ्यात अंगावर आले. नंतर एका कंपनीची बॉडी आणि दुसऱ्याचं इंजिन चालेल अशी मुभा दिली, त्याने लीजवाल्यांची सोय झाली पण शेवटी जवळजवळ सगळ्यांच्या बॉनेटखाली शेवरोलेच आलं. २०१९ ला प्रो स्टॉकच्या रेस २४ वरून १८ केल्या, त्याला मी विरोध करणार नाही, छोट्या टीमचा प्रवासखर्च वाचला.

माझं मत एकच आणि मी ते लेखी कळवलेलं आहे, इंजिनाला हात लावणारा कुठलाही नियम एक अख्खा सीझन आधी जाहीर व्हावा.

तुम्हालाही मांडायचं असेल तर मार्ग असा. रूलबुक दर वर्षी निघतं आणि मधल्या दुरुस्त्या एनएचआरएच्या साइटवर तारखेसह येतात, आधी ती दुरुस्ती जशीच्या तशी वाचा, ऐकीव गोष्टीवर लिहू नका. मग टेक्निकल डिपार्टमेंटला लेखी पाठवा, आपला मेंबर नंबर, लायसन्सची लेव्हल, कोणत्या कलमाबद्दल बोलतोय, बदलामुळे कुठला पार्ट बाद होतो, तो किती रनचा झालाय आणि नव्याला किती खर्च येतो. तुम्ही टीमसोबत असाल तर टीमच्या मालकांना सांगा, मालकांची प्रो, म्हणजे प्रोफेशनल रेसर्स ऑर्गनायझेशन, नावाची संघटना आहे आणि तिच्यामार्फत गेलेलं म्हणणं एकट्याच्या पत्रापेक्षा जास्त ऐकलं जातं. शेवटचा शब्द एनएचआरएचाच, हे मान्य करूनच तुम्ही एंट्री फॉर्मवर सही करता, त्यामुळे रेसच्या सकाळी टेकच्या माणसाशी हुज्जत घालून काही मिळत नाही, तो फक्त छापलेलं बघतो.

आणि दुरुस्तीचं पान प्रिंट काढून टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात ठेवा, आमच्या टीमच्या कप्प्यात ते बेल्टच्या पावतीखाली असतं.