कौटुंबिक चिकटवही

कौटुंबिक चिकटवही : फोटो, लग्नपत्रिका, पत्रे, तिकिटे, कात्रणे वहीत चिकटवून शेजारी हाताने माहिती लिहून जपलेला घरचा संग्रह. चित्रे आणि रंगकाम अधिक असले की तिला चित्रवही किंवा आर्ट जर्नल म्हणतात; घरोघरी मात्र हे दोन्ही एकाच वहीत नांदते. रंगीत छपाई स्वस्त झाल्यावर एकोणिसाव्या शतकात हा छंद युरोप-अमेरिकेत फोफावला. लेखक मार्क ट्वेन याने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या वहीचे पेटंट घेतले होते.

कोल्हापूरच्या खेड्यांत घराण्याची आठवण लिहून ठेवण्याचे काम हेळवी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बैल घेऊन येणारा हेळवी दारात वंशावळ वाचतो, नव्या जन्मांची नोंद करून घेतो आणि पुढच्या गावाला जातो. त्याच्याकडे नाव आणि नाते पक्के असते, चेहरा नसतो. घरच्या अल्बमात चेहरे भरपूर, पण ‘ही कुणाची कोण’ हे सांगणारी आजी गेली की सगळे अनोळखी. म्हणून चिकटवहीत सजावटीच्या टिकल्या-रिबिनींपेक्षा फोटोखालची ओळ महत्त्वाची : पूर्ण नाव, माहेर, गाव, अंदाजे साल. फोटोच्या मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

साहित्याला इथे तोटा नाही. कारखान्याची ऊसबिले, खासबागेतल्या कुस्त्यांची पत्रके, जोतिबाच्या यात्रेतले गुलालाने माखलेले फोटो, मोडीतले एखादे खरेदीखत. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले. तिथल्या जुन्या नाटकाचे तिकीट कुणाच्या कपाटात असेल तर त्याला वहीत जागा द्यावीच. एसटीच्या मशीनमधून निघणारे तिकीट मात्र उष्णतेने उमटणाऱ्या कागदाचे असते. काही वर्षांत ते कोरे पडते, तेव्हा आधी त्याची झेरॉक्स काढावी.

वही टिकते ती कागदावर आणि गोंदावर. वर्तमानपत्राच्या कागदातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे कात्रण पिवळे पडते आणि त्यातले आम्ल शेजारच्या फोटोलाही बाधते. प्लॅस्टिकच्या झाकणाखालची चिकट पाने असलेले अल्बम दिसायला सोपे, पण फोटो त्यांना कायमचे धरून बसतात. जुन्या काळ्या पानांच्या अल्बमातले कागदी कोपरे त्याहून कितीतरी बरे, कारण फोटोला गोंद लागतच नाही. मैद्याची खळ कागदाला चालते. तिला कसर लागू नये म्हणून बाइंडर मोरचूद घालत, पण ते फोटोजवळ नको.

पंचगंगेकाठच्या घरांना कसरीहून मोठी धास्ती पुराची. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्याही दहा फुटांहून अधिक वर गेले. भिजलेले फोटो तसेच वाळू दिले तर वरचा जिलेटिनचा थर फुगून एकमेकांना चिकटतो. ते ओले असतानाच स्वच्छ, गार पाण्यात अलगद सुटे करावेत, चित्राच्या बाजूला बोट न लावता सावलीत उताणे वाळवावेत. घर धुण्यातून तेवढी सवड नसेल तर ओला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवता येतो आणि नंतर थोडाथोडा सोडवता येतो. नवी वही करताना स्कॅन केलेल्या प्रती चिकटवून मूळ फोटो वरच्या मजल्यावर ठेवण्याची पद्धत सर्वांत सोयीची.