वरून वाळला, आतून ओला

कर्वे रस्त्यावर एका दुचाकीच्या हँडलनं आमच्या गाडीच्या दारावर बोटभर चरा ओढला. बंपरखाली लिंबू-मिरची लोंबत होतीच, तिनं काही केलं नाही. नाना पेठेतून टच-अपची बाटली आणली, तर सोसायटीतले काका पार्किंगमध्ये हजर. “अर्ध्या तासात वाळतो हो! उन्हात उभी करा, वर पॉलिश मारा, विषय संपला.” काकांच्या बॉनेटवर त्यांच्याच अंगठ्याचा ठसा रंगात कायमचा उमटलाय, हे मी बोललो नाही.

अशा बाटलीतला रंग बहुधा ॲक्रिलिक लॅकर असतो. म्हणजे पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या, रंगद्रव्य, आणि हे सगळं पातळ ठेवणारी ब्युटाइल ॲसिटेट, झायलिन यांसारखी द्रावकं. द्रावक उडतं, साखळ्या एकमेकींत गुंतून बसतात, एवढंच. म्हणून थिनर लागला की हा रंग पुन्हा विरघळतो. हार्डनर घालायचा टू-के रंग वेगळा, त्यात साखळ्या रासायनिक बंधांनीच जोडल्या जातात.

खरी गंमत पुढे आहे. द्रावकाचे रेणू साखळ्यांमध्ये वंगणासारखे असतात. ते आहेत तोवर साखळ्या सरकतात, रंग मऊ राहतो. प्रत्येक पॉलिमरचं एक ‘काचसंक्रमण तापमान’ असतं. त्याच्या वर तो लवचीक, खाली काचेसारखा ताठ. ॲक्रिलिक कुळातल्या पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचं हे तापमान साधारण १०५ अंश सेल्सिअस, पण द्रावकात भिजलेल्याचं त्याहून कितीतरी कमी. द्रावक जसजसं उडतं तसतसं हे तापमान चढत जातं आणि ज्या क्षणी हवेच्या तापमानाला ओलांडतं, त्या क्षणी साखळ्या जागच्या जागी गोठतात. उरलेल्या द्रावकाला बाहेर पडायला साखळ्यांमधल्या फटी हव्यात, आणि त्या तर आता क्वचितच उघडतात. विसरणाचा, म्हणजे रेणू सरकत सरकत बाहेर पडण्याचा, वेग कित्येक पटींनी पडतो. थोडक्यात, रंग स्वतःच्याच द्रावकाला आत कोंडून दार लावून घेतो. हे आधी घडतं ते सगळ्यात वरच्या थरात, जिथं आपण बोट लावून “वाळला” म्हणतो!

त्यात जाडीचा हिशेब. विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट तर वेळ चौपट, तिप्पट तर नऊपट. सांडगा मोठा पडला की वरून कडक, आतून ओला राहतो, तसंच. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम ०.१ मिलिमीटर भरतात. आपण ब्रशनं थेंबच ठेवतो.

लावल्या लावल्या कडक ऊन दिलं तर साय लवकर धरते आणि आतली वाफ तिला टाचणीएवढी भोकं पाडते. गॅरेजवाले ६० अंशांच्या आसपास भट्टी लावतात, पण आधी थोडा वेळ तसंच ठेवून. पावसाळ्यात दुसरं संकट. माठ गार होतो त्याच न्यायानं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं धरतं आणि रंग पांढुरका पडतो. जुलैत पुण्यात हे काम काढूच नये. आणि चरा भरला त्याच दिवशी ‘नॅनो सिरॅमिक’ कोटिंग गळ्यात मारणाऱ्याला हात जोडावेत. नाव काहीही असो, कोंडलेल्या द्रावकावर ते आणखी एक झाकण.

मी टूथपिकनं तीन पातळ थर दिले, मध्ये एकेक दिवस सोडून. शेवटच्या थराला आज आठवडा झाला. रोज सकाळी दाराला नाक लावून हुंगतो, थिनरचा वास अजून येतो.