हवाई क्षेत्राचे भान (कोकण किनारा)

आपण उडत असलेला आकाशाचा तुकडा कोणाच्या ताब्यात आहे, त्यात या घडीला आणखी कोण आहे आणि पुढच्या दहा मिनिटांत कोण येऊ शकते, याची वैमानिकाला असलेली सततची जाण म्हणजे हवाई क्षेत्राचे भान. प्रवासी विमानात यातले बरेचसे काम नियंत्रक आणि यंत्रे उचलतात. फ्लाइंग क्लबचे सेसना, खासगी मालकीचे छोटे विमान, मायक्रोलाइट किंवा भाड्याचे हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला ते बव्हंशी स्वतःच करावे लागते. कोकणात ते अवघड होते ते भूगोलामुळे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र आणि मधे जेमतेम ५०-६० किलोमीटरांची पट्टी. एका इंजिनाचे विमान घेऊन डोंगरावर रेंगाळावेसे वाटत नाही आणि खोल समुद्रावरही नाही. म्हणून जो तो किनाऱ्याची रेघ धरतो. खालून मोकळे दिसणारे हे आकाश प्रत्यक्षात एकपदरी रस्ता आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गाला असते तशी त्याला रुंदीकरणाची आशाही नाही.

गर्दी सर्वांत दाट उत्तर टोकाला. सांताक्रूझचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि जुहूचा १९२८ पासूनचा जुना विमानतळ एकमेकांपासून काही किलोमीटरांवर आहेत, आणि दोन्हीकडे साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली धावपट्टी आहे. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. दोन्ही वेळा चालक दल कसलेले होते. धावपट्टी दिसताच मन ‘हीच आपली’ म्हणून मोकळे होते. हौशी वैमानिकाचे मन त्याहून लवकर.

जुहूहून बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे हेलिकॉप्टरे सतत ये-जा करतात. कुलाब्याला आयएनएस शिक्रा हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राभोवतीचे आकाश प्रतिबंधित आहे, तसेच मलबार हिलवरील पारशी दोखम्याच्या (मृतदेह ठेवण्याच्या जागेच्या) वरचेही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर उलवे-पनवेल बाजूचा जुना नकाशा बाद झाला. वर्षानुवर्षे त्या बाजूने उडणाऱ्याला याचा फटका अधिक बसतो, कारण त्याच्या डोक्यातला नकाशा कागदावरच्या नकाशापेक्षा पक्का असतो.

दक्षिणेकडे रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाची. परुळ्याजवळच्या सड्यावरील (कातळी पठारावरील) चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि तेथून ५० किलोमीटरांच्या आत गोव्यातील मोपा आहे. त्याच्या खाली दाबोळी, म्हणजे नौदलाचा आयएनएस हंसा तळ. तिथे नियंत्रण नौदलाचे आणि शेजाराला लढाऊ जेट. १०० नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने) जाणारे छोटे विमान चिपीहून मोप्याला पाव तासात पोहोचते. तेवढ्यात एका नियंत्रकाचा निरोप घेऊन दुसऱ्याशी बोलणे व्हायला हवे.

उड्डाणाआधीच्या कागदपत्रांत फ्लाइट प्लॅनबरोबर एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी असे दोन क्रमांक लागतात. एडीसी ही हवाई संरक्षणाची परवानगी; ती वायुदलाकडून मिळते. समुद्राकडून किनाऱ्याकडे येणारा रडारवरचा ठिपका कोणाचा, हे त्यांना आधीच माहीत असावे, हा त्यामागचा हेतू. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना, वाचणे हे त्याहून कंटाळवाणे काम, पण अरबी समुद्रातील गोळीबाराच्या सरावाची क्षेत्रे त्यातूनच कळतात. नकाशावर तो चौकोन कायमचा असतो. तो जागा कधी होणार, हे नोटॅम सांगते. नियंत्रित क्षेत्रात १०,००० फुटांखाली डोळ्यांच्या भरवशावर, म्हणजे व्हीएफआर पद्धतीने, उडायचे तर ५ किलोमीटर दृश्यता आणि ढगांपासून आडवे १,५०० मीटर व उभे १,००० फूट अंतर लागते. रात्री एटीसीच्या, म्हणजे हवाई नियंत्रकाच्या, खास सवलतीशिवाय अशा उड्डाणाला मुभा नाही.

उंचीचा प्रश्न खास कोकणी म्हणावा असा आहे. ३,००० फुटांपेक्षा उंचावरच्या प्रवासात पूर्वेकडच्या अर्धवर्तुळात जाणाऱ्याने ३,५०० वा ५,५०० आणि पश्चिमेकडच्या अर्धवर्तुळात जाणाऱ्याने ४,५०० वा ६,५०० फुटांवर राहायचे असते. मुंबईहून गोव्याची दिशा दक्षिणेच्या किंचित पूर्वेला पडते, त्यामुळे जाताना ३,५०० आणि येताना ४,५०० असा हिशेब सरळ लागतो. पण किनारा बघत जाणारे बहुतेक १,००० ते २,००० फुटांवर असतात, आणि तिथे हा नियम लागूच नाही. समोरासमोर येणारी दोन विमाने एकाच पुळणीवर, एकाच उंचीवर भेटू शकतात. रेघ नेहमी आपल्या डाव्या हाताला ठेवण्याचा प्रघात इथे उपयोगी पडतो: गोव्याकडे जाणारा पाण्यावर राहतो, मुंबईकडे येणारा जमिनीवर.

ड्रोनने हे गणित बिघडवले आहे. हरित क्षेत्रात, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या भागात, ड्रोनला जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमानाची वस्तीबाहेरची किमान उंची ५०० फूट. कागदावर १०० फुटांची फट उरते. मात्र रत्नागिरीच्या परिसरात समुद्रावर उभे तुटलेले सडे आहेत. अशा सड्याच्या कडेवरून प्री-वेडिंगचे चित्रीकरण करणाऱ्याचा ड्रोन त्याच्या जागेपासून ४०० फुटांवर, म्हणजे पूर्ण नियमात असतो. खाली पाण्यापासून मोजले तर तो ६००-७०० फुटांवर भरतो, आणि कड्यालगत पाण्यावरून जाणाऱ्या वैमानिकाच्या काचेसमोर येतो. दोघांनीही नियम मोडलेला नसतो. प्रवासी विमानातील टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचाही इथे उपयोग नाही. तिला फक्त ट्रान्सपाँडर (आपली ओळख-उंची रेडिओवरून कळवणारे यंत्र) लावलेली विमाने दिसतात.

म्हणून उरतात रेडिओ आणि डोळे. चांगला स्थितिवृत्तान्त चार गोष्टी सांगतो: कोण, कुठे, किती उंचीवर, कुठे निघाला. विमानाचे नाव आणि पुढे ‘जयगडच्या दीपगृहापासून पाच मैल दक्षिणेला, दीड हजार फूट, रत्नागिरीकडे’ एवढे ऐकणाऱ्याला पुरते. त्यातले ‘कुठे’ चुकले की बाकीचे फुकट, आणि कोकणात ते सहज चुकते. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग: प्रत्येक खाडीच्या मुखाशी तसेच वाळूचे दांडे, तसाच माड, तशाच होड्या. मोजताना एक खाडी गाळली की वैमानिक स्वतःला वीस-तीस किलोमीटर भलतीकडे समजतो. खाडीपेक्षा किल्ला भरवशाचा. पाण्यातला जंजिरा किंवा सुवर्णदुर्ग दुसऱ्या कशासारखा दिसत नाही. डोळ्यांबाबत एक गोष्ट उलटी आहे: आदळण्याच्या वाटेवर असलेले विमान काचेवर सरकत नाही. ते एका जागी ठिपक्यासारखे थांबते आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठे होते. म्हणून स्थिर ठिपका दिसला की आधी वळायचे.

पक्षी हे याच क्षेत्राचे बिनपरवाना वापरकर्ते. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव सुरू झाला की घारींची चक्रे वर चढतात, हिवाळ्यात त्यात कुरवांची भर पडते; मासळीच्या वाळवणांवरही तेच. विमानतळापासून १० किलोमीटरांत उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई आहे ती याच कारणाने. बंदरावरून नेणारी वाट मैलभर बाजूला घेतल्याने कोणाचे फार इंधन जळत नाही.

हवामानात पावसाळ्याचे चार महिने तसे सोपे असतात, कारण हौशी उड्डाणे थांबलेलीच असतात. कसोटी लागते ती काठावरच्या महिन्यांत. मे महिन्यात दुपारी खारे वारे सुटतात, दमट धुरकट हवेत समुद्र आणि आकाश एकाच रंगाचे होतात आणि क्षितिजाची रेघ पुसली जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सकाळ लख्ख असते. दुपारनंतर घाटमाथ्यावर ढग चढतात आणि संध्याकाळी गडगडत खाली उतरतात. तेव्हा सगळेच किनाऱ्याकडे सरकतात आणि आधीच अरुंद असलेली पट्टी आणखी आवळते. त्यात परतणाऱ्याच्या डाव्या अंगाला मावळता सूर्य असतो, आणि समुद्राकडून जुहूला परतणारी हेलिकॉप्टरे नेमकी त्याच झगमगाटातून येतात.