विंटेज अमेरिकन गाडी कामाला देताय? आधी एवढं वाचा

आमच्या जुन्या गाड्या दुरुस्त करण्याच्या वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन येणारे बहुतेक जण पहिलं विचारतात पेंटला किती दिवस लागतील, आणि आम्ही विचारतो कागद कुठायत. कारण अशा गाडीची किंमत चकाकीत नसते, ही नक्की तीच गाडी आहे का आणि तिच्यातलं ओरिजिनल किती शिल्लक आहे यावर असते.

उदाहरणार्थ ड्युसेनबर्ग कंपनीची ‘मॉडेल जे’ (Model J) ही गाडी घ्या. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या शोमध्ये आली, एका ओळीत आठ सिलिंडर, २६५ हॉर्सपॉवर, आणि १९३७ पर्यंत सगळ्या मिळून ४८० च्या आसपासच बनल्या. कंपनी इंडियानापोलिसची, इंजिन लायकमिंग कंपनीकडून बनवून घेतलेलं, आणि गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा नुसती इंजिनसकट चासी मिळायची, बॉडी मग पॅसाडीनाच्या मर्फीकडून नाहीतर दुसऱ्या कुठल्या कोचबिल्डरकडून, म्हणजे गाडीची बॉडी बांधणाऱ्याकडून, करून घ्यायची. आपल्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांची (दुसरे) नारिंगी-काळी एसजे, म्हणजे सुपरचार्जर लावलेली मॉडेल जे, आठवा, तिची बॉडी लंडनला गर्नी नटिंगने बांधली.

आता गडबड इथेच होते. पुढे कित्येक बंद लिमोझिनच्या बॉड्या उतरवून उघड्या चढवल्या गेल्या, कारण उघड्या गाडीला भाव जास्त, इंजिनंही इकडची तिकडे झाली. म्हणून आम्ही इंजिनवरचा जे-नंबर, फ्रेमवर ठोकलेला नंबर आणि फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची) पट्टी असं तिन्ही जुळवून बघतो, आणि फ्रेमवरचा नंबर नीट दिसावा म्हणून कुणी तिथे ग्राइंडर फिरवला असेल तर खरंच जीव तुटतो. बॉडी बदललेली असली तर गाडी वाईट ठरत नाही, पण ते लिहून ठेवलेलं पाहिजे, लपवलेलं नको. एसएसजे, म्हणजे आखूड चासीची एसजे, दोनच बनल्या, त्यातली हॉलिवूडचा नट गॅरी कूपरची गाडी २०१८ मध्ये २ कोटी २० लाख डॉलरला गेली, तिथे ती कुणाची होती हे पक्कं माहीत असणं केवढ्याला पडतं बघा.

जपण्याचं म्हणाल तर जुना पेंट शाबूत असेल तिथे आम्ही तो काढत नाही, थोडा तडकलेला असला तरी, कारण एकदा घासला की तो परत येत नाही. बॉडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो, त्यामुळे दमट गॅरेज नको आणि हीटर लावून कडक कोरडंही नको.

मॉडेल जे मध्ये एक भारी गोष्ट आहे, चासीला नळ्यांतून तेल आपोआप पुरवणारा पंप, आणि त्याचे दिवे डॅशबोर्डवर. हे दिवे बंद आहेत म्हणून तारा कापून हाताने ग्रीस भरायचे नवीन निपल बसवून देऊ असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा, नळ्या साफ होतात, फक्त वेळ लागतो. आणि क्रँकशाफ्टवर पारा भरलेल्या नळकांड्या आहेत, त्या माहीत नसलेल्या मेकॅनिकला उघडू देऊ नका, पारा विषारी असतो.

इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, ब्रेक ऑइलही ओल शोषतं, तेही वेळच्या वेळी बदलायचं.

येताना जुनी बिलं, आरसी, घरातले गाडीचे फोटो, अगदी मागे पेन्सिलने लिहिलेले सुद्धा, सगळं घेऊन या, आणि गाडी धुऊन आणू नका, आहे तशीच आणा.