बसस्टॉपवरचा अरुण आणि खंडाळ्याची परांची

'छोटी सी बात' या हिंदी सिनेमातला अरुण बसस्टॉपवर रोज प्रभाच्या आसपास उभा असतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. नागेश मात्र स्कूटर घेऊन येतो आणि बाजी मारतो. मग अरुण खंडाळा गाठतो, कर्नलसाहेबांकडे शिकायला. तिथे त्याला एकाच पुडीत दोन औषधं मिळतात: सराव आणि चलाखी, म्हणजे थापा आणि डाव.

सिनेमा 1976 सालचा. त्याच वर्षी डेव्हिड वूड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 3 ते 5 वर्षांच्या 30 मुलांना 21 लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवताना काय घडतं ते टिपलं आणि शिकवणाऱ्याच्या मदतीला परांचीची उपमा दिली. गिरगावात जुन्या इमारतीची डागडुजी निघाली की बांबू आवळून बांधतात, तीच परांची. काम झालं की गाठी सोडायच्या. शिकवतानाही शिष्य अडला तर मदत एक पायरी वाढवायची, जमलं की लगेच एक पायरी काढून घ्यायची.

बुजऱ्या माणसाची पहिली पायरी अगदी बुटकी हवी. आठवडाभर रोज स्टॉपवर एका अनोळखी माणसाला "बस गेली का हो?" एवढंच विचारायचं. घसा कोरडा न पडता ते जमू लागलं, की उत्तरावर स्वतःचं एक वाक्य जोडायचं. मग रोजच्या चेहऱ्याशी दोन मिनिटं गप्पा. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी: धडधड शिगेला असताना माणूस काढता पाय घेतो. मेंदू धडा घेतो की पळालो म्हणून वाचलो, आणि उद्याची भीती आणखी घट्ट होते. तिथेच थोडं थांबलं तर धडधड आपसूक उतरते, हे अंगाने कळायला हवं. वाक्यं पाठ करून जाणंही घातक, कारण कान समोरच्याकडे राहत नाहीत, पुढच्या ओळीकडे लागतात.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलं, की 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत भक्कम होतो तो स्वतः करून जमल्यावर. नुसत्या शाबासकीत तेवढा जोर नसतो.

आता चलाखी. ती सुरुवातीला पचते, हे खरंच आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या संशोधकांनी 2006 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी 50 येतात. शिवाय आपला कल विश्वास ठेवण्याकडे असतो. म्हणजे थाप खपली, तर श्रेय बरंचसं ऐकणाऱ्याच्या भाबडेपणाचं.

पण कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवा, खरं ओठांवर येऊ देऊ नका, प्रभाच्या चेहऱ्यावरचा संशय तपासा, हा सगळा भार त्याच डोक्यावर पडतो, ज्याने तिचं बोलणं ऐकायचं असतं. शिवाय डाव जिंकला की मन म्हणतं, 'युक्ती चालली'. 'मला जमलं' असं ते म्हणतच नाही, मग परांची उतरणार कशी?

म्हणून पुढचा डाव विचारायला आलेल्या शिष्याला चांगला गुरू डाव सांगत नाही. "तू काय म्हणशील?" एवढं विचारतो आणि तो बोलेपर्यंत गप्प बसतो.